खातो, पण धावून येतो

प्रश्न:

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच आहे. वय 36. आधी बचत गटांचं काम करायचे. त्या ओळखीवर महिला राखीव जागेवर उभी राहिले आणि थेट निवडून आले. त्याला आता अडीच वर्षं झाली.

आमचे उपसरपंच मुरलेले राजकारणी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की त्यांची बोलेरो दारात उभी. लग्नात आहेर, मयताला सगळ्यांत पुढे, पोलीस ठाण्यात फोन, तहसीलात ओळख. आणि प्रत्येक कामात त्यांची टक्केवारी ठरलेली, हे अख्ख्या गावाला माहीत. मागासवर्गीय वस्तीतला सिमेंटचा रस्ता त्यांच्या भाच्यानं केला. पहिल्याच पावसात खडी उघडी पडली. त्या बिलावर मी सही केली नाही. चार महिने झाले, बिल अडकलं आहे. सदस्य आता अविश्वास आणण्याची भाषा करतात. मला वाटलं होतं, निदान त्या वस्तीतले लोक तरी माझ्या बाजूनं उभे राहतील. तिथलीच एक बाई मला म्हणाली, "अण्णा खातो, पण धावून येतो. तुम्ही खात नाही, पण तुमचा आम्हाला उपयोग काय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. वर बघावं तर तिथंही तेच चाललंय. सासरे जुने कार्यकर्ते, यशवंतराव चव्हाणांची भाषणं समोर बसून ऐकलेले. ते म्हणतात, तो काळ गेला, नीतीनं राहायचं असेल तर घरात बस. नवरा म्हणतो, सही कर आणि मोकळी हो. मला दिखावा जमत नाही. मयताला जाऊन उभं राहणं मला ढोंग वाटतं. राजीनामा द्यावा का? आणि नीती आणि माया एका माणसात राहूच शकत नाहीत का?

– एक सरपंच


उत्तर:

ताई,

राजीनामा देऊ नका, आणि बिलावर सहीही करू नका. ही दोन उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं सविस्तर बोलता येईल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत खरं वाक्य त्या वस्तीतल्या बाईचं आहे. ते तुम्हाला लागलं, साहजिक आहे. पण तिनं तुम्हाला शिवी दिलेली नाही, हिशोब सांगितला आहे. तिच्या घरात रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर काय होतं, ते डोळ्यांसमोर आणा. 108 ला फोन लावायचा, पत्ता समजावून सांगायचा, तालुक्याहून निघालेली गाडी येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. आरोग्य केंद्र जवळ असलं तरी डॉक्टर मुक्कामाला असतीलच असं नाही. अशा वेळी गल्लीच्या तोंडाशी ज्याच्या गाडीचे दिवे दिसतात तो माणूस तिला देवच वाटणार. त्यानं रस्त्यात सिमेंट किती कमी टाकलं हे तिला माहीत असतं, पण त्या चोरीतलं तिचं किती गेलं हे तिला कुणी मोजून दाखवलेलं नाही. बोलेरोत मात्र ती स्वतः बसलेली आहे. तेव्हा लोक विकले गेलेत, लोकांना चाड राहिली नाही, असं मनात आणू नका. समोर जे दोन पर्याय दिसत होते त्यातला ज्यानं जीव वाचतो तो त्यांनी घेतला.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की तो काळही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. 1982 च्या जानेवारीत अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं ते सिमेंटच्याच प्रकरणात (सिमेंट आपल्या राजकारणाला फार जुनं चिकटलेलं आहे). 1986 मध्ये निलंगेकरांचं मुख्यमंत्रिपद गेलं ते मुलीच्या एम.डी.च्या गुणांच्या वादावरून. दोन्ही वेळा उच्च न्यायालयानं बोट ठेवलं आणि खुर्ची गेली. सासरे म्हणतात तो फरक इथं आहे, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं खरं आहे. आता जामिनावर सुटून आलेल्या माणसाची जेसीबीतून फुलं उधळत मिरवणूक निघते. त्या आधीच्या पिढीत 1956 साली अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्रिपदावरून बाहेर पडले. या गोष्टी आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. त्यांचा एक तोटाही झाला. नैतिक नेता म्हणजे खुर्ची सोडणारा नेता, एवढंच आपल्या डोक्यात बसलं. तुमच्याही मनात राजीनामाच आधी आला, तो त्यामुळेच. खुर्चीवर बसून काय करता येतं याच्या गोष्टी आपण फारशा सांगत नाही.

त्यातली एक सांगते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यातच दिसतं.

वि. स. पागे 1960 पासून 1978 पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. स्वातंत्र्यसैनिक, सांगलीकडचे. त्यांच्या कल्पनेतून 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग झाला. खेड्यातला जो माणूस अंगमेहनतीचं काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं. मग 1972 चा दुष्काळ आला. त्या दुष्काळाच्या गोष्टी सासऱ्यांनी तुम्हाला सांगितल्याच असतील: खडी फोडायची कामं, पाझर तलाव, नालाबांध, पोरांसाठी सुकडी, लाल मिलो ज्वारी. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. ही कामं कुणाच्या दयेनं आपोआप उघडली गेली असंही समजू नका. कामासाठी मोर्चे निघाले, मजुरीसाठी संप झाले. लोकांनी मागितलं आणि सरकारला ऐकावं लागलं.

दुष्काळ सरल्यावर सगळं गुंडाळून ठेवता आलं असतं. तसं झालं नाही. 1977 मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा हेही आधीच ठरलं होतं. त्यासाठी 1975 साली व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदारांच्या पगारातून महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये अजूनही कापले जातात, त्याचं मूळ खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत आहे. ज्यांचे कापले जातात त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

या कायद्यानं काय बदललं? काम मागायला आलेल्या बाईला आमदाराची चिठ्ठी लागत नव्हती. पाटलाच्या वाड्यावर जाऊन उभं राहावं लागत नव्हतं. मागणीचा अर्ज दिला की काम देणं सरकारवर बंधनकारक, आणि नाही दिलं तर बेकार भत्ता मागायचा तिला हक्क. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, तान्ह्या पोरांना सांभाळायची सोय हे सगळं नियमात लिहिलेलं. प्रत्यक्षात काय झालं? हजेरीपटावर खोटी नावं चढली, भत्त्याचा हक्क बहुतेक कागदावरच राहिला, पोरं झाडाला झोळी बांधूनच झोपवली गेली. तरीही दुष्काळ पडला की काम मागता येतं, हे गावोगावच्या बायकांना कळलं. 2005 मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा पुढ्यात महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. पुढे त्या कायद्याचं काय झालं तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधी.

आता अण्णा आणि पागे यांना शेजारी शेजारी उभं करा. अण्णांची माया दिसते. त्यांचा चेहरा दिसतो, गाडी दिसते, नंतर फ्लेक्सही दिसतो. पागेंच्या मायेत पागे कुठंच नाहीत. चिठ्ठीशिवाय काम मिळालेल्या बाईनं त्यांचं नावही ऐकलं नसेल. अण्णांकडून मदत मिळाली की माणूस अण्णांचा होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याच दारात जातो. पागेंच्या योजनेतून काम मिळालेला माणूस कुणाचाच झाला नाही. मला विचाराल तर नेतृत्वाची घसरण म्हणतात ती इथं झाली आहे. नेते पैसे खातात हे तिचं एक अंग झालं. पण 'साहेबांनी केलं' असं म्हणवून घेता येणार नाही अशी कामं करायची कुणाला इच्छाच उरलेली नाही, हे मला जास्त भीतीदायक वाटतं. योजनेच्या नावात नातं, पिशवीवर फोटो, रुग्णवाहिकेवर फोटो. पैसा सरकारी, उपकार साहेबांचे.

तुम्ही विचारलंत, नीती आणि माया एका माणसात राहू शकत नाहीत का. राहतात. पण आता तुमच्याबद्दल थोडं कडू बोलते. राग मानू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही काय केलं नाही ते त्यात सगळं आहे. पैसे खाल्ले नाहीत, सही केली नाही, दिखावा केला नाही, मयताला गेला नाहीत. अडीच वर्षांत काय केलंत, त्याची एक ओळ नाही. कदाचित केलंही असेल, बचत गटातून आलेली बाई हातावर हात ठेवून बसत नाही. पण तुम्हाला स्वतःलाच ते सांगण्यासारखं वाटलं नाही. आणि त्या रस्त्याचं बघा. तुम्ही सही अडवलीत हे बरोबरच. पण चार महिने खडी उघडी आहे, त्यावरून चालतंय कोण? पोरं पडतायत, म्हातारी माणसं ठेचकाळतायत. तुमच्या नकाराचा भुर्दंड ठेकेदाराच्या आधी त्या वस्तीला पडला. तिथं जाऊन तुम्ही कधी सांगितलंत का, की बिल का अडवलं, पुढे काय होणार, रस्ता कधी दुरुस्त होणार? सांगितलं असतं तर ती बाई "उपयोग काय" असं म्हणाली नसती, असा माझा अंदाज आहे.

मयताला जा, ताई. ते ढोंग तेव्हा होतं जेव्हा सोबत फोटो काढणारा पोरगा असतो आणि अर्थी उचलायच्या आत स्टेटस पडलेलं असतं. तुम्ही तसं करू नका. बायकांत जाऊन बसा. दहाव्याला नाही जमलं तर नंतर जा, गर्दी ओसरल्यावर. तेव्हाच खरं बोलणं होतं. घरातला कर्ता गेला असेल तर सातबाऱ्यावर वारस लागायचे असतात, मृत्यूचा दाखला हवा असतो, विधवा बाईला कुठली पेन्शन मिळू शकते हे तिला ठाऊक नसतं आणि दीर सांगत नाही. मृत्यूचा दाखला तर तुमच्याच ग्रामपंचायतीतून निघतो. तो तिनं हेलपाटे न घालता घरी पोचला तर अण्णांच्या आहेरापेक्षा तिला तो जास्त दिवस लक्षात राहील. आणि नाही राहिला, तरी काही बिघडत नाही.

अजून एक जागा सांगते. धान्य वाटपाच्या दिवसांत रेशन दुकानात जाऊन तासभर बसा. मशीनवर अंगठा ठेवायचा असतो. जन्मभर खुरपणी केलेल्या म्हातारीचा अंगठा उठत नाही. दुकानदार म्हणतो, पुसून ठेव. ती पदराला पुसते. परत नाही. मग दुसरं बोट. मग सर्व्हर डाऊन. मग उद्या ये. दोन हेलपाट्यांनंतर ती अण्णांच्या ओट्यावर जाते. अण्णा बसल्या जागेवरून फोन लावतात, "दे रे म्हातारीला, मी सांगतोय ना." तिला गहू-तांदूळ मिळतात, आणि वाटेत भेटेल त्याला ती सांगत जाते, अण्णानं दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा अंगठा, पुन्हा ओटा, पुन्हा फोन. अण्णा मुद्दाम असं करतात असं मी म्हणत नाही. पण म्हातारीचा अंगठा कायमचा उठायला लागला तर अण्णांचा एक फोन कमी होईल, आणि तो कमी व्हावा असं त्यांना वाटायचं काही कारण नाही.

तुम्ही त्या तासात वही घेऊन बसा. ज्यांचा अंगठा उठत नाही त्या सगळ्यांची नावं लिहा. ती यादी घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. आधार अपडेटचं मशीन एक दिवस गावात आणायला सांगा. तरीही ज्यांचं जमणार नाही त्यांना धान्य कसं द्यायचं ते लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. निराधारच्या पैशांचंही तसंच आहे. हयातीचा दाखला, केवायसी, बंद पडलेलं खातं, यासाठी म्हातारी माणसं तालुक्याला खेटे घालतात. ही कामं कंटाळवाणी आहेत, त्यांचा फ्लेक्स होत नाही. बचत गटाची रजिस्टरं तुम्ही ठेवलेली आहेत, त्यामुळे तुम्हाला ती जड जाणार नाहीत. अण्णांना ती जमणार नाहीत, हे नक्की.

बोलेरोशी मात्र बरोबरी करायला जाऊ नका. कर्ज काढून गाडी घेणारे सरपंच असतात. तुम्ही वेगळं करा. गावात चारचाकी किती आहेत? दहा-बारा तरी असतील. त्यांच्या मालकांना बोलवा. रात्री अडीअडचणीला कुठल्या वाराला कुणाची गाडी, चालकाचा नंबर, तालुक्यापर्यंतचं भाडं, आणि ज्याच्याकडं त्या वेळी पैसे नाहीत त्यानं काय करायचं, हे ठरवून घ्या. वर 108 आणि आशाताईंचा नंबर टाका. हे सगळं ग्रामपंचायतीच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्या, वस्तीतल्या समाजमंदिरावरही. आणि पहिलं नाव अण्णांच्या बोलेरोचं टाका. त्यांना ते नाकारता येणार नाही, कारण गाडी तर ते आजही देतातच. फरक एवढाच पडेल की उद्यापासून ती मागताना ओट्यावर जाऊन उभं राहावं लागणार नाही.

अण्णांना शत्रू करू नका असंही मी म्हणेन. ते धावून जातात त्यात सगळाच मतांचा हिशोब नसतो. इतकी वर्षं अर्ध्या रात्री उठणं नुसत्या हिशोबानं होत नाही, त्यात जिव्हाळाही असतो. टक्केवारी खाणारा माणूस प्रेमळ असू शकतो. म्हणूनच तर त्याला विरोध करणं अवघड जातं. त्यांच्याशी समोरासमोर बोला, एकदा तरी, सदस्य नसताना. रस्ता नीट करून द्या, मग मोजमाप होईल तेवढ्या बिलाला माझी सही आहे, असं सांगा. ऐकतील असं नाही. पण गावात कळू द्या की तुम्ही विचारलं होतं.

रस्त्याचं म्हणाल तर तोंडी नकार पुरेसा नाही. अडवलेलं बिल आणि विसरलेलं बिल फाईलमध्ये सारखंच दिसतं. का सही केली नाही ते कारणांसकट लिहून गटविकास अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. अभियंत्यानं मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय त्याची प्रत मागा, फेरमोजणी मागा, दर्जाची तपासणी मागा. ठरलेल्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. करारात ती मुदत किती आहे ते बघा. मग अंदाजपत्रक घेऊन वस्तीत जा. लांबी किती, रुंदी किती, जाडी किती, खाली मुरूम किती, हे मोठ्यानं वाचा आणि तिथल्याच पोरांच्या हातात टेप द्या. उखडलेल्या कडेला जाडी मोजायला इंजिनिअर लागत नाही. कागदावरचा आकडा आणि टेपवरचा आकडा त्या बाईनं स्वतः बघितला की रस्त्यात तिचं किती गेलं हे तिला पहिल्यांदा कळेल. त्यानंतरही ती अण्णांच्या बाजूनं उभी राहिली तर राहू द्या. तो तिचा निर्णय.

अविश्वासाची धास्ती किती घ्यायची? तुम्ही थेट जनतेतून निवडून आलेल्या आहात. त्यामुळे सदस्यांनी मोठ्या बहुमतानं ठराव केला तरी तेवढ्यावर तुम्ही जात नाही. तो ग्रामसभेपुढे जातो आणि तिथं गावकरी गुप्त मतदान करतात. नेमकी कलमं आणि मुदती एखाद्या जाणकार वकिलाकडून समजून घ्या, गावातल्या कट्ट्यावरच्या कायदेपंडितांकडून नको. पण मुख्य गोष्ट ही, की शेवटचा शब्द ग्रामसभेचा. म्हणून ग्रामसभा खऱ्या घ्या. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा करायची पद्धत तुमच्याकडेही असेलच, ती बंद करा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक गावांत कागदावरच होते. तुमच्याकडं बचत गटांच्या बायका आहेत. ती सभा संध्याकाळी घ्या, स्वयंपाकाच्या वेळेआधी, आणि वस्तीत घ्या. पंचायतीच्या हॉलमध्ये नको.

तुम्ही सोलापूरच्या, म्हणून आबासाहेबांचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले आणि एकाच मतदारसंघातून, शेतकरी कामगार पक्षाकडूनच, 11 वेळा निवडून आले. एसटीतून फिरणारा आमदार म्हणून लोक त्यांचं कौतुक करतात. मला त्या एसटीपेक्षा दुसरी गोष्ट सांगायची आहे. ते 1972 ला हरले होते, 1995 लाही हरले होते. इतका स्वच्छ माणूस, आणि त्याच्याच लोकांनी दोनदा घरी बसवलं! त्यांनी लोकांना नावं ठेवली नाहीत, काळ वाईट आला म्हणून घरात बसले नाहीत. दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला, सहकारी सूतगिरणी चालवून दाखवली, आणि पुन्हा त्याच लोकांपुढे मत मागायला गेले. 2021 मध्ये ते वारले. सासऱ्यांना विचारा, हा काळ कुठला मानायचा? तुमच्या लग्नानंतरचाच की.

तेव्हा अविश्वास ठराव खरंच आला आणि मंजूरही झाला, तर ती हार समजा, पण बदनामी समजू नका. उरलेली अडीच वर्षं मिळाली तर उत्तमच. नवऱ्याला सांगा की सही करून सुटका होत नसते. उद्या चौकशी लागली तर वसुली ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्याकडूनही होऊ शकते, एकट्या भाच्याकडून नाही. हे ऐकल्यावर बहुतेक नवरे शांत होतात.

आणि जाता जाता एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की तुम्ही सही केली नाही. पण वित्त आयोगाचे पैसे आता पेनच्या सहीवर निघत नाहीत, डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या डिजिटल सहीवर निघतात. तुमची डोंगल तुमच्याकडे आहे, की ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या नाहीतर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये? पासवर्ड कुणाला माहीत आहे? ड्रॉवरमध्ये असेल तर उद्या सकाळी जाऊन मागून घ्या, पासवर्ड बदला, आणि गेल्या अडीच वर्षांत तुमच्या नावानं कुठली कुठली बिलं निघाली त्याची यादी काढून घ्या. त्या यादीत काय निघतं ते मला कळवा. बाकीचं त्यानंतर बोलू.